तळेगावच्या नळ्या

वर्ध्याजवळच्या एका शेती संशोधन संस्थेत सुमित्राबाईंची प्रयोगशाळा होती. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींतले जिवाणू काढून बाईंनी काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवले होते. दोन फ्रिज त्यांनी भरले होते. जिल्ह्यातल्या गावोगावची माती त्यांनी स्वतः उकरून आणली होती. नळीतलं अन्न संपत आलं की जिवाणू नव्या नळीत हलवावे लागत, नाहीतर ते मरत. हे काम त्यांनी वीसेक वर्षं केलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

लोक त्यांना कडक म्हणत. पण नुसता कडकपणा नव्हता तो. नाचणगावचा भूपेंद्र, पुलगावच्या धान्य-व्यापाऱ्याचा मुलगा, एक्क्याण्णव साली त्यांच्याकडे पीएचडीला आला. एकदा त्याच्या प्लेटांवर बुरशी धरली. बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं आणि त्याला एकेक प्लेट उघडून दाखवत फेकायला लावली. तो फेकत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, की याच्या हातात काही जगत नाही, याने बापाच्या दुकानात बसावं. पोरं हसली. पुढच्याच महिन्यात भूपेंद्र हैदराबादला निघून गेला. तिथे त्याने जीवशास्त्राच्या जोडीला संगणक धरला.

दोन हजार दोनमध्ये पाच राज्यांतल्या प्रयोगशाळांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. प्रत्येक जिवाणूच्या डीएनएचा ठसा आणि त्याचे गुण इंटरनेटवरच्या एका सामायिक साठ्यात भरायचे. कुठल्याही प्रयोगशाळेने ते उघडून पाहावेत. बाईंकडे संगणक आला आणि तो चालवायला कंत्राटावर रुचिका आली. रुचिका जाम गावची. तिच्या वडिलांचं तिथे चौकात चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. बाई सुरुवातीला तिच्या मागे उभ्या राहून संशयाने पाहत. मग एक दिवस, कित्येक वर्षं न सुटलेल्या त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर तमिळनाडूच्या प्रयोगशाळेने भरलेल्या आकड्यांत सापडलं. दुपारच्या दुपारी. त्या दिवशी बाईंनी रुचिकाला घरी जेवायला नेलं. असा मान याआधी कुणाला मिळाला नव्हता.

प्रकल्पाचा समन्वयक म्हणून भूपेंद्रचं नाव आलं.

संगणकाने सारख्या ठशांचे जिवाणू एकत्र लावले. बाईंचे शेकडो जिवाणू काही डझन गटांत बसले. प्रत्येक गटाचा एकच प्रतिनिधी हैदराबादच्या शीतगृहात ठेवायचा, बाकीचे ठेवण्याची गरज नाही, असं ठरलं. संचालकांना फ्रिजची खोली संगणकांसाठी हवीच होती. बैठकीत बाईंनी सांगितलं की तळेगावच्या तुरीवरचा जिवाणू ठशात इतरांसारखा असला तरी मे महिन्याच्या भाजलेल्या मातीत तो तग धरतो. भूपेंद्रने पडद्यावर तक्ता उघडला आणि हे कुठल्या रकान्यात लिहिलं आहे, असं नम्रपणे विचारलं. तसा रकाना नव्हता. रकाने त्यानेच ठरवले होते. मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नळ्या मॅडमनीच नष्ट कराव्यात. त्यांच्याइतकं जपून दुसरं कोणी करणार नाही."

त्या दिवशी तो मुद्दाम हैदराबादहून आला. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाने सगळं मारून टाकणारं मोठं भांडं. बाई त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. भूपेंद्र स्टुलावर बसून लॅपटॉपवरून क्रमांक वाचायचा, बाई ती नळी शोधून भांड्यात ठेवायच्या, आणि रुचिका आपल्या संगणकावर तो क्रमांक खोडायची. बाईंचा हात मध्येच थांबला की तो घाई न करता म्हणायचा, "पुढची, मॅडम."

दुपारी तो फोन करायला बाहेर गेला तेव्हा बाईंनी तळेगावच्या नळ्या आपल्या जेवणाच्या डब्यात घातल्या. रुचिकाने ते पाहिलं. तिने मान खाली घातली आणि ते क्रमांकही खोडून टाकले. तिने पाहिलं हे बाईंना कळलं नाही.

वर्षभरात बाई निवृत्त झाल्या. नळ्या आता त्यांच्या वर्ध्यातल्या रामनगरच्या घरात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहत. दर काही महिन्यांनी बाई स्वयंपाकाच्या कुकरमध्ये नव्या नळ्या उकळून निर्जंतुक करीत आणि जिवाणू त्यांत हलवीत. त्यांचे यजमान मधुकरराव कुरकुर करीत आणि पालकाची जुडी बाजूला सरकवून ठेवीत.

मग दोन वर्षं कोरडी गेली. हैदराबादला ठेवलेला त्या गटाचा प्रतिनिधी कोरड्या शेतांतल्या चाचण्यांत साफ पडला. परदेशातल्या एका भागीदार प्रयोगशाळेने सामायिक साठ्यातले बाईंच्या कुंडीतल्या प्रयोगांचे जुने आकडे चाळले, त्यांवरून अंदाज बांधला आणि तळेगावचा जिवाणू मागितला. आकडे सगळे होते, जिवाणू नव्हता. भूपेंद्रने तळेगावला जाऊन पुन्हा माती काढली, पण ते शेत आता संत्र्याच्या बागेत गेलं होतं. तिथे तो जिवाणू सापडला नाही. पुढचं अनुदान त्याच्यावर अडलं होतं. शेवटी तो बाईंच्या घरी आला.

बाईंनी चहा केला. मधुकररावांनाही मुद्दाम तिथेच बसवून घेतलं आणि भूपेंद्रला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. रकाने कोणी ठरवले, नळ्या कोणाच्या हाताने मारायला लावल्या, का लावल्या. त्याने सांगितलं. सूड म्हणून, असंही सांगितलं.

"मॅडम, एखादी नळी असन तर द्या," तो म्हणाला. हैदराबादची भाषा गळून पडली होती. "मी पाया पडतो. मले दुसरा रस्ता नाई."

तो खरंच वाकला. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत. तो उठून उभा राहीपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्याकडं काही नाई."

तो गेल्यावर त्यांनी नळ्या काढल्या, कुकरमध्ये ठेवल्या आणि गॅस पेटवला. मधुकरराव दारात येऊन म्हणाले, की निदान आजचा दिवस थांब. बाईंनी शिट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिका आली. चप्पल काढतानाच तिने बोलायला सुरुवात केली. अनुदान थांबलं तर तिचं कंत्राट मार्चनंतर संपणार होतं. वडिलांनी स्थळ पाहून ठेवलं होतं, नोकरी आहे म्हणून ती त्यांना थोपवून होती.

"सरांनी मले पाठवलं नाई, मॅडम. मी माझ्या मनानं आली," ती म्हणाली. "तुम्ही डब्यातून नळ्या नेल्या ते मले माहीत हाय. मी कोणालेच सांगितलं नाई. कालही सरांनी विचारलं, तरी नाई सांगितलं. तुम्ही सरांले देऊ नका. मले द्या. मी मातीतून काढला म्हणून सांगतो."

नळ्या रुचिकाला देता येतील, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाईत त्या आता," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"काल."

रुचिका चप्पल घालून निघाली. बाई फाटकापर्यंत गेल्या, चहा घेऊन जा म्हणाल्या, पण ती तोवर रस्त्याला लागली होती.

भूपेंद्रचं फारसं बिघडलं नाही. वर्षभरात तो भाताच्या जिवाणूंवरच्या दुसऱ्या, याहून मोठ्या प्रकल्पात गेला. वर्ध्याची ती खोली बंद झाली आणि संगणक हिशेब विभागाने उचलून नेले. बाईंच्या नावापुढे आजही त्या साठ्यात आकड्यांच्या ओळी दिसतात, पण ज्या जिवाणूंचे ते आकडे, त्यांतले बहुतेक कुठेच नाहीत.

दोन हजार दहा साली बाई नात्यातल्या एका लग्नाला चंद्रपूरला निघाल्या होत्या. बस जामला थांबली. चौकातल्या एका हॉटेलच्या गल्ल्यावर रुचिका बसली होती. गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर दीड-एक वर्षाचं पोर. बाई उतरल्या आणि पाण्याची बाटली घेतली. मग त्यांनी तिचं नाव घेतलं आणि बरी आहेस का, असं विचारलं.

रुचिकाने त्यांना ओळखलं होतं. तिने उरलेले सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले, पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाली, "बस सुटून राह्यली, काकू."