आपली सायकल, आपल्या जागेवर

तुमच्या ऑफिसात सगळ्यांसाठी म्हणून आणलेली एक कात्री होती ना? आठवतेय? मग आता कुठे आहे ती? कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, पेपरांच्या खाली, आणि ड्रॉवरला कुलूप! आता कात्रीच्या जागी चाळीस निळ्या सायकली धरा, ऑफिसच्या जागी अख्खं विद्यापीठ धरा, आणि ऐका.

विद्यापीठ केवढं? फाटकातून आत शिरलेला विद्यार्थी शेवटच्या इमारतीत पोचेपर्यंत त्याला दाढी फुटायची, एवढं. म्हणून सायकली आणल्या. चार ठिकाणी चार स्टँड उभे केले. इथून घ्या, तिथे लावा, दुसरा नेईल. इतकी साधी गोष्ट की पाचवीतल्या पोराला कळावी. पण इथे पाचवीतली पोरं कुठली? इथे सगळे डॉक्टर आणि महाडॉक्टर!

स्टँडवरच्या बोर्डाचा मजकूर लिहिला अधीक्षकांनी. तीस वर्षं सूचना लिहून लिहून हा माणूस घरी बायकोशीसुद्धा ‘सबब’ आणि ‘तरी’ लावून बोलायचा. माणसांविषयी त्यांचं मत एकच होतं, आणि ते चांगलं नव्हतं. "ह्या लोकांच्या हाती सायकल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," ते म्हणाले आणि बोर्डाचे सात कच्चे मसुदे केले. पहिल्यात ‘कृपया’ होतं. ते त्यांनी खोडलं. कृपया म्हटलं की लोक डोक्यावर बसतात म्हणे. शेवटी बोर्ड लागला तो असा:

‘सायकल आपली आहे. काम झाल्यावर आपल्या जागेवर ठेवावी.’

उद्घाटन झालं. भाषणं इतकी लांबली की ती संपेपर्यंत अर्ध्या सायकलींची हवा आपोआप उतरली आणि उरलेल्या अर्ध्यांना गंज धरायला लागला. हवा भरायला होती पंपवाली. फाटकाबाहेर तिचं पंक्चरचं दुकान होतं, नवऱ्यामागे तिनंच चालवलेलं. सायकली सांभाळायचं काम मिळालं म्हणून तिनं ती जागा सोडली, आणि दुसऱ्याच दिवशी तिथे एक रसवाला बसला. म्हणजे मागे फिरायची वाट बंद.

पहिल्या सोमवारी स्टँडवर एकतीस सायकली दिसल्या. दुसऱ्या सोमवारी बारा. तिसऱ्या सोमवारी चार स्टँड, चार बोर्ड, आणि एका लोखंडी पाइपवर निवांत झोपलेलं मांजर.

कुलसचिवांनी अधीक्षकांना बोलावलं. "शुक्रवारी दुपारी बारा वाजता समिती पाहणीला येतेय. स्टँड रिकामे दिसले तर योजना बंद. आणि जबाबदार कोण ते कागदावर पाहिजे."

"सायकली पंपवालीच्या ताब्यात होत्या," अधीक्षक म्हणाले. जागेवर बसून त्यांनी हातासरशी मेमो लिहिला. ‘आपल्या ताब्यातील चाळीस सायकली चोरीस गेल्या असून आपणास कामावरून कमी का करू नये व पोलिसांत तक्रार का देऊ नये, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत करावा.’ अक्षर काय सुंदर! गरिबाच्या गळ्याला फास लावायचा तर दोर रेशमाचा असावा, तसं.

पंपवालीनं मेमो वाचला. पुन्हा वाचला. मग घडी घालून पंपाच्या पिशवीत ठेवला.

"साहेब, सायकली चोरीला नाही गेल्यात. घरी गेल्यात."

"कुणाच्या घरी?"

"ज्याच्या त्याच्या. तुम्हीच सांगितलंत ना बोर्डावर? आपल्या जागेवर ठेवा म्हणून."

"आपल्या म्हणजे सायकलीच्या!"

"ते तुम्हाला माहीत. वाचणाऱ्यानं स्वतःकडे बोट केलं." ती हसली नाही. "मला एक दिवस द्या, आणि तुम्ही माझ्याबरोबर चला. मी दार वाजवलं तर आतून ‘उद्या ये’ म्हणतात. तुम्हाला बघून उघडतील. कामाचं सोडा, साहेब. पण चोर म्हणून नाव झालं तर त्याला ठिगळ लावता येत नाही. ट्यूबला येतं."

अधीक्षक निघाले, पण तिच्यासाठी नव्हे. विद्यार्थ्यांना मुद्देमालासकट पकडायची त्यांना मनापासून हौस होती. वाटेत म्हणाले, "बघ तू. सगळ्या हॉस्टेलात निघतील. आजकालची पोरं!"

पहिली सायकल निघाली भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांच्या खोलीत, दोन कपाटांच्या मध्ये. हँडलवर छत्री, सीटवर उत्तरपत्रिकांचा ढीग.

"ही इथे कशी, सर?"

"बोर्ड नीट वाचा," प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले. "‘आपण’ हे सर्वनाम मोठं गमतीचं आहे. ‘आपण सगळे’ असाही अर्थ, ‘स्वतः’ असाही अर्थ, शिवाय आदरानं ‘तुम्ही’. संदर्भानं कळतं."

"मग सर, संदर्भ काय होता?" पंपवालीनं विचारलं.

"मला दुपारी कँटीनला जायचं होतं," प्राध्यापक म्हणाले. एवढं शिकून माणूस शेवटी कुठे पोचतो बघा!

ग्रंथालयात तर कहर. ग्रंथपालांनी सायकलीला क्रमांक देऊन, मडगार्डवर चिठ्ठी चिकटवून ती संदर्भ विभागात उभी केली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ग्रंथालयाबाहेर नेण्यास मनाई’. व्यायाम शिकवणारे सर मोटारीतून यायचे, लिफ्टनं वर जायचे, आणि खोलीत सायकलीचं मागचं चाक विटांवर चढवून जागच्या जागी पेडल मारायचे. नीतिशास्त्राच्या बाईंनी तर चक्क स्वतःची साखळी घालून स्वतःचं कुलूप लावलं होतं.

"कुलूप कशाला, बाई?"

"म्हणजे काय! लोक नेतात ना हो!"

हॉस्टेलातही निघाल्या, नाही असं नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका सायकलीवर इतके टॉवेल वाळले होते की आपण सायकल आहोत हेच ती विसरली होती. खाली उतरवली तर चालेचना. पंपवालीनं घंटी वाजवून आठवण करून दिली तेव्हा कुठे चाक फिरलं.

अधीक्षकांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दर दारातून बाहेर पडताना ते बोटावर मोजत एकेकाचा उद्धार करत होते. "काय ही माणसं! डोक्यात पुस्तकं, आणि लाज पैशाची नाही! आणि हे म्हणे समाज घडवणार! मी तर म्हणतो, ही जातच अशी. दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा!"

पंपवाली हवा भरत मान डोलवत होती. एकदाच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, साहेब."

"अगदी बरोबर बोललीस!" अधीक्षक म्हणाले.

दुपार उतरेपर्यंत स्टँडवर एकोणचाळीस सायकली उभ्या राहिल्या. अधीक्षकांनी दोनदा मोजल्या.

"एक कमी आहे. म्हणजे एक चोरीला गेलीच! मेमोत चाळीसच्या ठिकाणी एक करतो फक्त."

पंपवाली पायरीवर बसली. पिशवीतून मेमो काढला, मांडीवर सरळ केला.

"साहेब, तुमच्या जुन्या फायलींच्या खोलीत, खिडकीशी, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली काय आहे?"



होती. चाळिसावी तिथेच होती! उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती आत घेतली होती, दुपारी क्वार्टरवर जेवायला जायला. जाताना कव्हर काढायचं, आल्यावर घालायचं.

"ती… ती मी सुरक्षित ठेवलीय," ते म्हणाले. "एक तरी धड राहावी म्हणून. मी काही ह्या लोकांसारखा…"

"गेल्या सोमवारी तुमचाच शिपाई तिच्यात हवा भरून घेऊन गेला. म्हणाला, साहेबांच्या सायकलीला जरा जास्त भर."

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"सकाळी बोलले असते तर तुम्ही मला दुसरा मेमो दिला असता. एकोणचाळीस माणसांवर थुंकून झालं की चाळिसावं तोंड आरशात ओळखू येईल असं वाटलं." तिनं मेमोवर बोट टेकवलं. "सायकल घेतलीत त्याचं मला एवढं नाही. कुणी नाही घेतली? पण इथे बघा काय लिहिलंय. चाळीस चोरीला गेल्या. लिहिताना एक तुमच्या पाठीमागच्या खोलीत उभी होती, साहेब. एकोणचाळीस लिहिलं असतंत तरी मी म्हटलं असतं, माणूस कडक आहे, पण खरा आहे."

अधीक्षक मेमोकडे बघत राहिले. खोटं लिहायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. हेच तर भयंकर होतं! ती सायकल चाळिसात मोजायची असते हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. इतरांनी ठेवली ती चोरी, आपण ठेवली ती काळजी. साखळीवाल्या बाई, चिठ्ठीवाले ग्रंथपाल, विटांवरचे सर, सगळे एका ओळीत उभे दिसले, आणि त्या ओळीच्या टोकाला, प्लॅस्टिकचं कव्हर हातात घेऊन, स्वतः. ज्या तोंडानं दिवसभर हसले ते तोंड लपवायला त्या एवढ्या विद्यापीठात कोपरा सापडेना.

"तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही, तेच बरं आहे. उठा. अजून ऑफिस उघडं आहे."

ते उठले. फायलींच्या खोलीत गेले, कव्हर काढलं आणि सायकल हातात धरून, सगळ्या कारकुनांच्या टेबलांमधून, ढकलत बाहेर आणली. तेवढी वाट त्यांना फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंतच्या वाटेहून लांब वाटली. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी बारा वाजता समिती आली. चाळीसच्या चाळीस हजर. कुलसचिव खुशीत म्हणाले, "वा! म्हणजे चोर सापडला?"

"सापडले," अधीक्षक म्हणाले. "चाळीस. त्यातला एक तुमच्यासमोर उभा आहे. पंपवालीवरचा मेमो मी मागे घेतलाय आणि मी तो खोटा लिहिला होता असं खाली सही करून लिहिलंय. शिक्षा काय ती मला द्या. सायकली चालू ठेवा, आणि तिला ठेवा."

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. नीतिशास्त्राच्या बाई समितीच्याच सदस्य होत्या, त्यांना अचानक खोकला आला. शिक्षेचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथेच कुजला, कारण शिक्षा देणाऱ्या प्रत्येकाच्या टायरची खूण कुठल्या ना कुठल्या खोलीत होती! योजना मात्र चालू राहिली.

बोर्ड बदलायचा ठरला. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी अकरा पानी टिपण पाठवलं. ते अधीक्षकांनी पंपवालीला डबा गुंडाळायला दिलं आणि तिलाच विचारलं, "तू सांग, काय लिहू?"

तिनं सांगितलं, त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं. वर एक शब्द त्यांनी आपल्या पदरचा घातला, तीस वर्षांत पहिल्यांदा:

‘कृपया. ही सायकल पुढच्या माणसाची आहे. तो वाट बघतोय.’

पुढच्या आठवड्यात एका दुपारी अधीक्षक जेवायला निघाले, तर स्टँड रिकामा. पूर्वी असतं तर म्हणाले असते, पळवल्या! आता ते उन्हात उभे राहिले, कारण आता पुढचा माणूस तेच होते. पाचेक मिनिटांनी घंटी वाजली. घामाघूम झालेली एक पोरगी उतरली, सायकल त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाली, "घ्या काका, सीट थोडी वर करा तुम्हाला."

तर लोकहो, शिकवण काय, ते ऐका. सगळ्यांची वस्तू कुठे गेली म्हणून गावभर बोंबलण्याआधी घरी जा, आणि आपलं कव्हर उचलून बघा. दुसऱ्यांचे एकोणचाळीस कुणालाही मोजता येतात. स्वतःपासून मोजायला सुरुवात करतो तोच नागरिक, बाकी नुसती गर्दी! आणि हो, ती ऑफिसातली कात्री. उद्या टेबलावर दिसली पाहिजे.