खालच्या खुंटीवरची दुर्बीण

मी दुर्बीण आहे, आणि आज माझी मान ताठ आहे. डावा डोळा बुरशीनं गेलाय, पट्टा दोनदा शिवलाय. तरी सांगते, आख्ख्या बार्शीटाकळी तालुक्यात माझ्याइतकी ऐटदार म्हातारी दुसरी सापडायची नाही.

तीस वर्षांपूर्वी मोतीरामजींनी मला अकोल्याच्या दुकानातून आणलं. त्यांची पाटबंधारे खात्यात नोकरी, घरची चार एकर शेती आणि पाखरांचं वेड. पाहिलेलं प्रत्येक पाखरू ते वहीत लिहायचे. दोनशे अकरा झाली, गवतात लपणारा दुर्मिळ तणमोर मात्र कधी दिसला नाही. त्यांची पत्नी मनकर्णाबाई डबा घेऊन मागं बसायच्या. एकदा त्यांनी मला हात लावला तर हे म्हणाले, "राहू दे वं, तुले काय समजते त्यातलं?" घरी मला उंच खुंटीवर टांगायचे. बाईंचा हात तिथं पोचत नसे. मला फार वाईट वाटायचं, पण दुर्बिणीला विचारतंय कोण?

या श्रावणात मोतीरामजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं जेमतेम दिसायचं. त्यातच एका सकाळी सोयाबीनमधलं तण निंदताना बाईंना काहीतरी उड्या मारताना दिसलं. धावत सांगायला आल्या, तर हे बाजेवरूनच म्हणाले, "लांडोर असन." आमच्याकडे या दिवसांत सोयाबीनमध्ये काहीही हललं की ती लांडोरच!

त्याच दुपारी गावातले खुशालराव बैलजोडी घेऊन डवरायला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, येणार होते. ओळींतून डवरा फिरला की पाखरू कायमचं उठणार.

बाई स्टुलावर चढल्या, कोणाला न विचारता मला काढलं आणि नवऱ्याला हाताला धरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आणून बसवलं. खुशालराव डवरा जुंपून तयारच होते.

"जरा थांबा जी," बाई म्हणाल्या.

"साहेब सांगत असन तं थांबतो."

साहेबांचा बाईंवर भरवसा नव्हता. भरवसा होता माझ्यावर, आणि मी बाईंच्या हातात! त्यांनी मला डोळ्यांना लावलं. डावीकडं सगळं धुरकट, म्हणून त्यांनी डावा डोळा मिटला. मीही उरलेल्या डोळ्यात होता नव्हता तेवढा जीव गोळा केला.

"मान काळीभोर हाये," त्या मोठ्यानं सांगू लागल्या. "पंखावर पांढरा पट्टा. डोक्यामांगं लांब तुरे, वर वळलेले. जाग्यावरूनच वर उडी घेते न् बेडकावानी टरटर करते. घ्या, अजून उडालं!"

मोतीरामजी ताडकन उठले. पट्टीखालून पाणी ओघळलं.

"लांडोर नाय वं थो! तणमोर हाये, मनकर्णा, तणमोर! खुशालराव, बैल सोडा!"

बैल सुटले. तण माजलं तर माजलं, पण तणमोर भादव्यापर्यंत आमच्या वावरात नाचला. पट्टी निघाल्यावर मोतीरामजींनीही तो डोळे भरून पाहिला, पण नंबर दुसरा. वहीत त्यांनी लिहिलं, 'दोनशे बारा. तणमोर. पाहणारी मनकर्णा.'

"आन् खाली लिवा," बाई म्हणाल्या, "म्या सांगतलं तवा तुमी लांडोर म्हनलं."

त्यांनी निमूटपणे तेही लिहिलं. मग हातोडी आणली आणि बाईंच्या खांद्याच्या उंचीवर नवी खुंटी ठोकली.

हल्ली मी तिथंच असते. माझा डावा डोळा दुरुस्त झाला नाही तरी चालेल. तुमच्या घरी उंच खुंटीवर माझी एखादी बहीण असेल, तर एवढंच करा, तिच्यापर्यंत कोणाचा हात पोचत नाही ते एकदा बघा.