घंटेआधीची बारा मिनिटं

साल एकोणीसशे ब्याण्णव. थंडीतल्या एका सोमवारी सकाळी सहा वाजता मावशी वाचनालयावरच्या हॉलमध्ये सतरंजीवर आडव्या झाल्या आणि लगेच उठून बसल्या. एकतीस वर्षं इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात आयाचं काम केलेल्या बाईला चारचौघांत पाय पसरणं काही जमेना.

"पडा हो," शेजारच्या सतरंजीवरून आवाज आला. "इथे सगळेच मोडके आहेत. मी तर दोनदा प्लास्टरमधून निघालोय."

हे ड्रॉइंगसर. शाळेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन परगावी. मावशी हसल्या आणि पडल्या.

निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांनीच त्यांना बजावलं होतं, "मावशी, गुडघे गेलेत, ब्लडप्रेशर चढलंय. जन्मभर दुसऱ्यांना उठवलंत, बसवलंत. आता स्वतःकडे बघा. त्या योगकेंद्रात नाव घाला." सून म्हणाली, "आई, आता या वयात डोक्यावर उभ्या राहणार का?" पण मुलाने फॉर्म आणून दिला.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणत आणि दीदी सगळ्यांना साधक म्हणत. वकील साधक, बँक मॅनेजरची बायको साधक, मावशीही साधक. या शब्दाचं मावशींना फार अप्रूप. वॉर्डात हाक आली की तिच्या मागे भांडं नाहीतर चादर असायचीच. इथे तासभर कुणी काही आणायला सांगत नव्हतं. दोन महिन्यांत जिना चढताना कठड्याला धरणं सुटलं. सूनही म्हणाली, "चेहरा उजळलाय हो तुमचा."

शेवटची वीस मिनिटं ध्यानाची. हलायचं नाही, बोलायचं नाही, घंटा झाली की मगच डोळे उघडायचे. मावशींचं मन काही लागायचं नाही. कान मात्र लागायचे. पंचवीस माणसांचे श्वास त्यांना वेगवेगळे ऐकू येत. वॉर्डात रात्रपाळीला अंधारात त्या याच्यावरच सगळ्या खाटा सांभाळायच्या.

एकदा पुढच्या रांगेतल्या मॅनेजरबाईंचा श्वास ऐकू येईना. मावशींनी पाच मोजले, दहा मोजले, मग उठल्या आणि त्यांच्या नाकापाशी बोटं धरून त्यांना गदागदा हलवलं. बाई किंचाळल्याच. त्यांनी नुसता श्वास रोखून धरला होता.

"पहिल्यांदाच माझं मन लागलं होतं हो!" बाईंना रडू आलं. "ही काय पद्धत झाली?"

सगळा हॉल हसला. दीदी हसल्या नाहीत. "मावशी, हा वॉर्ड नाही. इथे पेशंट नाहीत. घंटेआधी कुणाला हात लावायचा नाही. पुन्हा असं झालं, तर तुम्हाला नाही ठेवता यायचं."

साधकाची मावशी व्हायला एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी म्हणू लागलं, "मावशी, तेवढ्या सतरंज्या घालता का?" आणि त्या घालू लागल्या. मॅनेजरबाई मैत्रिणींना डोळा घालून विचारत, "आज किती जणांची नाडी बघितली?"

"मनावर घेऊ नका," सर म्हणाले. "मीही वर्गात पोरांना असाच हलवायचो. खरंच जागी असायची, तीच जास्त चिडायची." आणि स्वतःची सतरंजी स्वतः घालू लागले.

मार्चमधला एक बुधवार. सर भिंतीला टेकून ध्यानाला बसले होते. सुरुवातीचा थोडा वेळ गेला आणि मावशींच्या कानांनी तो श्वास पकडला. लांबत जायचा, थांबायचा, मग घाईघाईने चार-पाच आणि पुन्हा थांबायचा. हा श्वास ऐकला की वॉर्डात त्या डॉक्टरांना बोलवायला पळत सुटायच्या. त्यांनी डोळे उघडले. सरांची हनुवटी छातीवर आली होती. समोर भिंतीवरच्या घड्याळात घंटेला बारा मिनिटं होती. इस्पितळ रस्त्यापलीकडे.

मावशींनी हात वर केला. दीदींनी पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, सरांकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "बघा, किती खोल गेलेत. शिका त्यांच्याकडून." मॅनेजरबाईंनी एक डोळा उघडला आणि हसू दाबलं.

मावशींचा हात खाली आला. आपलं चुकत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. चुकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण इथून नाव कमी झालं असतं तर पुन्हा कुणी त्यांना साधक म्हणणार नव्हतं. त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. घंटा व्हायच्या बऱ्याच आधी शेजारचा श्वास बंद झाला.

घंटा झाली. सगळ्यांनी तळवे चोळून डोळ्यांना लावले. सरांनी लावले नाहीत.

"मावशी, बघा ना हो!" दीदी ओरडल्या. "तुम्हाला कळतं ना यातलं!"

मावशींनी सरांना सतरंजीवर सरळ केलं, पापण्या मिटल्या, रुमालाने हनुवटी बांधली. पलीकडून डॉक्टर धावत आले. वॉर्डातलेच ते. त्यांनी मावशींकडे एकदाच पाहिलं आणि घड्याळात बघून वेळ लिहून घेतली.

शोकसभेत दीदी म्हणाल्या की असं मरण पुण्यवंताला येतं. सरांची मुलगी मावशींपाशी येऊन बसली. "तुम्ही शेजारी होतात ना? बाबांना त्रास झाला का हो?"

"नाही गं बाई," मावशी म्हणाल्या. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

पुढे केंद्राच्या चार शाखा झाल्या. प्रत्येक शाखेत सरांचा फोटो लागला, खाली 'ध्यानावस्थेत देह ठेवला'. दीदी त्यांची गोष्ट नव्या लोकांना सांगत आणि लोक भारावून जात. मॅनेजरबाई दीदींचा उजवा हात झाल्या. नंतर मुलाकडे परदेशी गेल्या, तिथे वर्ग घेऊ लागल्या. डॉक्टर बदलून दुसरीकडे गेले.

मावशी त्या बुधवारनंतर तो जिना चढल्या नाहीत. घरी गुडघ्यांचं कारण सांगितलं, आणि वर्षभरात ते कारण खरंही झालं. सरांची मुलगी दर मार्चमध्ये त्यांना पत्र पाठवायची. सून वाचून दाखवायची: तुमच्या त्या शब्दावर मी निर्धास्त आहे. मावशी म्हणायच्या, "बरं. ठेव आत."

अशी अकरा पत्रं आली. बारावं आलं तेव्हा मावशींना जाऊन महिना झाला होता. शेवटचे चार दिवस त्यांना फार जड गेले होते. श्वासासाठी त्या खाटेचा कठडा धरून उठून बसत, आणि सून पाठ चोळत राही. सुनेने कार्ड घेतलं आणि उत्तर लिहिलं: आई गेल्या. झोपेतच गेल्या. काही त्रास झाला नाही.