मनासारखी म्हणजे किती

रुद्राणीबाईंनी मिलमधून आलेल्या तुरीचा दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज झाला, तसा त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नवऱ्याच्या फोनवरून एका बोटाने ‘दहा’ लिहून पाठवलं. तिकडे उदगीरच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या डाळमिलमधला खोळंबलेला ड्रायर पुढच्या कामाला लागला.

“झालं. आता बोल, काय म्हणून राहिली होतीस?”

अक्षरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पुण्याहून ती ज्या कामासाठी आली होती, ते काम आईपुढे काढायला तिची जीभ रेटत नव्हती. मिल चालवायला अर्धापूरच्या अमृतरावांनी घेतली होती. माणूस केळीच्या व्यापारातला, डाळीत अगदी नवा. पण त्यांची अट रास्त होती. यंत्राने घटकेघटकेला कुणाच्या तरी घरी विचारत बसायचं, हा प्रकार त्यांना नको होता.

“अमृतराव सोमवारी ताबा घेणार, अव्वा. त्याआधी सगळ्या शब्दांना आकडे देऊन टाकायचेत.”

“हाव, दे की. मी कुठं धरून ठेवलंय?” असं म्हणत रुद्राणीबाईंनी फोन पदराने पुसला आणि मांडीवर धरूनच ठेवला.

या शब्दांचा उद्योग अक्षरानेच मांडला होता. तिचे वडील सिद्रामप्पा, म्हणजे घरादाराचे आप्पा, विकतच्या प्रोग्रामला हात लावायला तयार नव्हते. मग तिने लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पायावर एक छोटी भाषा बांधून ड्रायरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. तिच्यात आप्पांनी आपल्याच शब्दांत नियम लिहायचे: ओल कडकपेक्षा जास्त असेल तर वाळव. तिच्यातले कंस पाहून आप्पा वैतागले होते. “ह्या कंसाच्या पोटात त्यो कंस, त्याच्या पोटात आणिक एक! डाळ करायची हाय का कंस मोजायचे?” पण आठवडाभरात गडी त्यात रमला.

भांडण झालं ते शब्दांवरून. अशी भाषा शब्द दिसला की त्याची किंमत शोधते, आणि सापडली नाही की चूक दाखवून थांबते. आप्पांनी ‘कडक’ लिहिलं, किंमत काही दिली नाही. यंत्र थांबलं.

“आकडा द्या ना आप्पा, एकदाच.”

“एकदाच कसा? किल्लारीची तूर येगळी, शिरूर अनंतपाळची येगळी. आज आभाळ हाय, उद्या ऊन पडंल. त्याला म्हणावं मला विचार. मी काय मेलो व्हय?”

अक्षरा हसली होती. मग तिने भाषेचं पोट उघडून नेमकी तेवढीच जागा बदलली. शब्दाची किंमत सापडली नाही, तर थांबायचं नाही. आप्पांच्या फोनवर विचारायचं. उत्तर आलं की तेवढ्यापुरतं वापरायचं आणि विसरून जायचं. आणि आप्पांनी ‘अजून न्हाई’ असं कळवलं, तर थोडं थांबून तेच पुन्हा विचारायचं. प्रश्न काय पाठवायचा, ते तिने घाईत सुचलं तसं लिहिलं: ‘आप्पा, कडक म्हणजे आज किती?’

आप्पा मागच्या वर्षी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना फोन वाजला, तो रुद्राणीबाईंनी उचलला, दाणा चावला, उत्तर पाठवलं. याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आप्पांच्या दाढा कधीच पडल्या होत्या. जेवणाचा डबा मिलमधून परत यायचा तो तळाशी मूठभर तूर घेऊनच; चावून आकडा सांगायच्या रुद्राणीबाई आणि रुबाबात उत्तर द्यायचे आप्पा.

अक्षराने पहिला शब्द वाचला.

“कोवळी?”

“बारा टक्के ओल.”

“कडक?”

“दहा धर.”

शेजारणीची भांडी परत करावीत तशा त्या एकेक आकडा देऊन मोकळ्या होत होत्या. अक्षराला मात्र प्रत्येक आकडा भरताना कसंतरी होत होतं. एक आकडा भरला की आईला येणारा एक प्रश्न कायमचा बंद होत होता. शेवटचा शब्द राहिला. घरच्या खाण्याची डाळ आप्पा वेगळी काढत, तिच्यासाठीचा.

“आणि मनासारखी?”

रुद्राणीबाईंनी फोन पालथा घातला, पुन्हा सरळ केला.

“ती तर घरची डाळ. अमृतरावांना काय करायची हाय?”

“मग तो नियम काढून टाकू?”

“काढ की.” मग त्यांनी विचारलं, “आप्पा आज किती, असं इचारतंय ना, ते तूच लिव्हलेलं हाय?”

“हो.”

“घरात त्यांना हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई गं. तू तिकडं पुण्याला. मी तर जन्मात कधी नाव घेतलं न्हाई. ती मिलच तेवढी हाक मारून राहिली होती. मला लई बरं वाटायचं.”

अक्षराने मान खाली घातली आणि नियम काढून टाकला. समोर आप्पांच्या फोटोला सकाळी लावलेली विभूती वाळून पांढरी झाली होती.

सोमवारी अमृतरावांनी ताबा घेतला. यंत्र कुणाला काही न विचारता चाललं, म्हणून खूश होऊन त्यांनी केळीचा अख्खा घड पाठवला. रुद्राणीबाई लेकीबरोबर पुण्याला आल्या. आप्पांचा फोन रोज चार्ज होत राहिला.

“हितं रेंज येती ना गं?” एका सकाळी त्यांनी विचारलं.

“येते की.”

“आपलं इचारलं.”

अक्षराला त्या दिवशी कामात लक्ष लागेना. दुपारी तिने जुना लॅपटॉप काढला. ड्रायर नव्हता, मिल नव्हती. तिने एकच नियम पुन्हा लिहिला: मनासारखी होईपर्यंत वाळव. ‘मनासारखी’ची किंमत भरली नाही, आणि तो चालू केला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला. अक्षराने मान वर केली नाही. डब्याचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं. म्हणजे अव्वा उदगीरहून पिशवीतून तूर घेऊन आली होती तर. मग कट्ट.

पडद्यावर उत्तर उमटलं: ‘अजून न्हाई.’

प्रोग्रामला शिकवलं होतं तेच त्याने केलं. थोडा थांबला आणि पुन्हा विचारलं, ‘आप्पा, मनासारखी म्हणजे आज किती?’