तिसऱ्या भिंतीचा फोटो

फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते ना, मित्रांनो? मी कधी शाळेत गेलोच नाही. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत की सुविचार लिहिले नाहीत. मी बांधकामावरचा जुना फळा आहे, दोन हातांत सहज मावेल एवढा. आणि मी रागावलेलो आहे. फळ्याला कसला आलाय राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

नागोयातल्या एका लहानशा कारखान्यात मला लाकडी चौकट मिळाली, हिरवा रंग मिळाला आणि अंगावर पांढरे रकाने आखले गेले. कुठली भिंत, कुठली तारीख, सळ्यांमधलं अंतर नकाशात किती आणि मोजल्यावर किती भरलं. जपानमध्ये भिंतीत काँक्रीट भरण्याआधी सळ्यांना मोजायचा टेप लावतात, माझ्यावर खडूने खरी मापं लिहितात आणि मला शेजारी धरून फोटो काढतात. कारण एकदा काँक्रीट भरलं, की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. उरतो तो फोटो, आणि फोटोतला मी. मी दिसलो की लोक विश्वास ठेवत. मला त्याचा फार अभिमान होता.

दोन हजार अकराचा मोठा भूकंप झाला तो उत्तरेकडे, पण धास्ती नागोयापर्यंत पोचली. जुन्या इमारतींना जादा भिंतींचा आधार द्यायची कामं निघाली. दोन वर्षांनी मी अशाच एका पाळणाघराच्या कामावर गेलो. तिथे मला हातात धरायची शिवानी. मुंबईच्या कंपनीने नागोयाला पाठवलेली इंजिनियर. तिची चार वर्षांची आर्या त्याच पाळणाघरात होती. काम संपेपर्यंत मुलं आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची. नव्या तिसऱ्या भिंतीपाशी त्यांच्या दुपारच्या झोपेच्या गाद्या घालायच्या ठरल्या होत्या. त्या भिंतीत काय भरलंय, हे शिवानीला इंजिनियर म्हणून जेवढं हवं होतं, त्याहून जास्त आई म्हणून हवं होतं.

दुसऱ्या भिंतीच्या दिवशी तिचा अंगठा सळईला कापला. पाळणाघर सुटल्यावर आलेली आर्या म्हणाली, "आई, उसागी लाव!" उसागी म्हणजे ससा. तिच्या खाऊच्या डब्यातून सशाचं चित्र असलेली गुलाबी पट्टी निघाली.

"अगं, साइटवर सगळे हसतील मला."

"हसू देत. इताई ना?"

दुखतंय ना, असं लेकीने विचारल्यावर कोण नाही म्हणणार? तो ससा लावूनच शिवानीने मला धरलं. दुसऱ्या भिंतीच्या फोटोत मी आहे आणि माझ्या कडेवर तिच्या अंगठ्यावरचा तो ससा आहे.

तिसऱ्या भिंतीच्या दिवशी आर्याला ताप होता. शिवानी घरी राहिली. काँक्रीटची गाडी वेळेआधी आली, धावपळ झाली आणि मी कंपनीच्या मोटारीत मागच्या सीटवर पडून राहिलो. भिंत भरली गेली. फोटो निघालाच नाही.

आठवड्याने शिवानी सहीसाठी फोटोंची वही चाळत होती. तिसऱ्या भिंतीच्या पानावर फोटो होता. फोटोत मी होतो. माझ्यावर 'भिंत तीन' लिहिलेलं होतं, तारीखही त्या दिवशीची होती. आणि माझ्या कडेवर गुलाबी ससा होता!

मित्रांनो, मी तिथे नव्हतो! कुणीतरी संगणकावर बसून दुसऱ्या भिंतीच्या फोटोतला दोनचा तीन केला होता, तारीख बदलली होती. माझ्या अंगावर, मला न विचारता. खडूला हातसुद्धा न लावता.

शिवानी वही घेऊन तिच्या साहेबांकडे, सदानंद सरांकडे गेली.

"सर, हा अंगठा माझा आहे. त्या दिवशी मी घरी होते."

"अगं, हळू बोल. सळ्या बरोबरच आहेत. फोटो तेवढा राहिला. एका आकड्यासाठी भिंत पाडायची का?"

"राहिला, तर राहिला म्हणून लिहा ना."

"आणि नगरपालिकेला काय सांगू? विसरलो म्हणून? सही कर, शिवानी. पुढच्या वर्षी इथे राहायचंय ना तुला?"

"सर, त्या भिंतीला टेकून माझी मुलगी झोपणार आहे."

तिने सही केली नाही. मुकादम होरिबे-सान सगळं ऐकत होते. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण ससा त्यांनाही दिसला होता. ते भिंत फोडायचं यंत्र घेऊन आले.

तीन ठिकाणी भिंत फोडली. टेप लावला. शिवानीने मला शेजारी धरलं. सळ्या बरोबर होत्या. एकूण एक, वीस सेंटिमीटरवर.

"बघ! मी काय सांगत होतो?" सदानंद सर ओरडले.

होरिबे-सानांनी शांतपणे विचारलं, "सदानंद-सान, मग आता बाकीच्या दोनशे फोटोंचं काय?"

माझा राग आहे तो इथे. सर, भिंत खरी होती, आणि तरीही तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत! त्या एका खोट्यापायी माझे दोनशे खरे फोटो संशयात गेले. नगरपालिकेने प्रत्येक भिंत पुन्हा तपासली. मुलं अख्खा उन्हाळा पत्र्याच्या खोल्यांत राहिली. आर्याची पाठ घामोळ्यांनी लालबुंद झाली. रोज रात्री शिवानी तिच्या पाठीवरून ओला पंचा फिरवायची, आणि सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या इतर मुलांच्या आयांपुढे मान खाली घालायची. चूक नसताना.

आता मी गोदामात पडून आहे. माझी जागा फोनमधल्या फळ्याने घेतलीय. काढल्यानंतर फोटोतला एक ठिपका जरी कुणी बदलला तरी तो पकडतो म्हणे. फार छान. त्याचा मला हेवा नाही. हल्ली नसलेल्या भिंतीचाही फोटो बनवता येतो, तेव्हा असा पहारा हवाच. पण त्याच्यावर कुणी पहिल्यापासूनच खोटं लिहिलं, तर तो बिचारा तरी काय करणार? ते खोटं तो जिवापाड सांभाळील.

म्हणून मित्रांनो, चिडून सांगतोय, पण तुमच्याच भल्याचं सांगतोय. तुमच्या फोटोवर 'खरा' अशी खूण लावाल, तेव्हा तिच्यामागे कुणाचं तरी मूल झोपणार आहे असं समजून लावा. आणि फोटो राहिला, तर राहिला. जागा रिकामी सोडा. त्या वहीतून तो खोटा फोटो गेला; तिसऱ्या भिंतीच्या फोटोचा चौकोन आजही रिकामा आहे. त्यात शिवानीने एवढंच लिहिलंय: 'वेळेवर फोटो काढला नाही. भिंत फोडून पाहिली.' खाली तिची सही आहे.

वही तपासायला आलेली माणसं त्या पानाशी थांबतात, वाचतात आणि पुढचे फोटो जरा कमी संशयाने पाहतात.