बेटावरचा माणूस

"पाणी सोडायच्या आधी एमिलच्या दारात जाऊन ये, पोरी. नुसत्या फोनवर राहू नकोस," नोकरी सोडताना ऑर्व्हिल म्हणाला होता. ब्रेनानं हसून मान हलवली आणि विषय तिथेच सोडला. आजकाल कोण दारोदार फिरतं?

वरच्या धरणात क्रौंच पक्ष्यांच्या वाट्याचं पाणी राखलेलं असे. ते कधी आणि किती सोडायचं, हे आता ऑर्व्हिलच्या जागी आलेली ब्रेना ठरवत होती. मार्च उजाडला तरी प्लॅट नदीत नुसती वाळू होती आणि दक्षिणेकडून क्रौंच यायला लागले होते. ते घोटाभर पाण्यात उभ्यानं झोपतात. कोरड्यावर उतरले तर कोल्हे सोडत नाहीत. उरल्यासुरल्या डबक्यांत हजारो पक्षी एकमेकांना खेटून उभे होते. त्या दाटीत एकाला रोग लागला की संपलंच. कॉफीच्या दुकानात मात्र तिला ऐकून घ्यावं लागे. आमच्या मक्याला पंख फुटले तर त्यालाही पाणी द्याल ना बाई, असं कोणी शेतकरी विचारी आणि बाकीचे कपात बघून हसत.

तिचा नवरा रेल्वेत होता, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरच. घरात ती आणि सात महिन्यांची एल्सी. पोरीला खोकला झाला होता. ब्रेना तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे, पुन्हा उठून बघे. ऑफिसात असली की फोनवर पाळणा बघत बसे.

पाणी सोडायच्या आधी काठावरच्या सगळ्यांना फोन करायचा रिवाज होता. कारण नदी आटली की लोक पात्राचाच रस्ता करत, ट्रक थेट वाळूतून पलीकडे नेत. सगळ्यांनी फोन उचलला. एमिल पोकॉर्नीचा वाजत राहिला. ऐंशीचा म्हातारा, बायको गेल्यापासून एकटा. ब्रेनानं निरोप ठेवला आणि तेवढ्यात सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला की एल्सीला ताप भरलाय. धरणावर 'सोडा' असं सांगून ती घराकडे पळाली.

तहानलेली वाळू आधी स्वतः पिते, मग पुढे जाऊ देते. पाणी खाली पोचायला बरेच दिवस लागले. ते आलं तोवर पोरीचा ताप उतरला होता. एका सकाळी उजाडताना ब्रेना तिला छातीशी बांधून पुलावर गेली. पोरीला पक्षी दाखवायला, असं स्वतःला सांगत. खरं तर घरात कोणी बोलायला नव्हतं म्हणून.

नदी पक्ष्यांनी राखाडी झाली होती. त्यांच्यापलीकडे, पात्रातल्या बेटावर, एक ट्रक चाकं रुतून उभा होता. त्याच्या पायरीवर घोंगडी पांघरून एमिल बसला होता.

धरण बंद करा म्हणून सांगावं तर वाटेतलं पाणी येतच राहणार, अजून कित्येक दिवस. पाणी मांडीइतकंच होतं, पण खालची वाळू भुसभुशीत आणि एमिलचा खुबा बदललेला. तिनं अग्निशमनवाल्या डेलला बोलावलं. तो पंख्यावर चालणारी, कानठळ्या बसवणारी होडी घेऊन आला आणि सुरू करणार, तोच पलीकडून एमिलनं दोन्ही हात वर केले. मग एका हातानं पक्षी दाखवले आणि तळवा खाली दाबला. थांबा.

"दोन-तीन दिवस तरी अडकलेला दिसतोय आणि पाखरांची झोप बघतोय," डेल म्हणाला आणि यंत्रावरचा हात काढून बसून राहिला.

ऊन वर आल्यावर थवे आपसूक उठले, मक्याच्या शेतांकडे गेले. मग होडी गेली.

एमिल काठावर उतरला तेव्हा त्याचे ओठ फुटले होते. बेटावरच्या गुरांना गवत टाकायला गेलो आणि मागे वळलो तर नदी आलेली, असं तो सांगत होता. खाऱ्या बिस्किटांवर भागवलं म्हणे. ब्रेनानं फोन केल्याचं सांगितलं. वाजला असेल, तो म्हणाला, मी दिवसभर गुरांकडे, घरात उचलायला कोण होतं? निरोप-बिरोप मी ऐकत नाही.

मग त्यानं टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "मला शोधत आलीस?"

डेलनं नजर दुसरीकडे नेली. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही एमिल. मी पक्षी बघायला आले होते. तुम्ही घरी नाही हे कोणालाच माहीत नव्हतं."

त्यानं मान डोलावली, ते त्याला ठाऊकच असल्यासारखी. एल्सीच्या टोपडं घातलेल्या डोक्यावर एक बोट टेकवून म्हणाला, "बरं झालं मग पाणी सोडलंस ते. पाखरं उतरली म्हणून तरी कोणी आलं."

त्यानंतर ब्रेना दर रविवारी त्याच्याकडे जाऊ लागली. त्या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली झाली आणि तिला गाव सोडावं लागलं.

तुमच्यापैकी कोणी त्या पुलावरून गेलात, तर डावीकडच्या एमिलच्या हिरव्या छपराच्या घराशी जरा थांबा. तो म्हणेल, माझं छान चाललंय. तरी आत जा. कॉफी फार कडू करतो; कप संपेपर्यंत बसा.