रोज भरलेला गोल

दवाखान्यात माझ्या ठकूला वजनकाट्यावर ठेवताना मला कसलीच धास्ती नव्हती. दाराला कडी लागली की नाही हे तीनदा बघणाऱ्या माझ्यासाठी ही बातमीच म्हणायची. पण महिनाभर रोज दुपारी पाळणाघराकडून मोबाइलवर एक गोल यायचा आणि माझ्या जिवात जीव यायचा. त्यात ठकूच्या जेवणाच्या चार रंगीत फोडी असायच्या. भात पांढरा, भाजी हिरवी, फळ केशरी, दूध निळं. चारही रोज जिथल्या तिथे.

डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, मग कार्ड पाहिलं. ठकूला उचलून पुन्हा ठेवलं.

"हिचं वजन उतरलंय. चांगलंच."

"कसं शक्य आहे?" मी मोबाइल पुढे केला. "सगळं खाते हो. भाजीसुद्धा! हे कालचं, हे परवाचं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "रंग छान आहेत. खाल्लं किती?"

"भाजी पाव हिस्सा, भात..."

"पाव हिस्सा, पण कशाचा?"

मी पुन्हा गोलाकडे पाहिलं. चार वाट्या खाल्ल्या काय आणि चार चमचे खाल्ले काय, पाव तो पावच. गोल आपला रोज तेवढाच गरगरीत. रात्री घरी तिने घास ढकलला की दुपारी पोटभर जेवलीये, असं मी धरून चालायचे. मी त्यातल्या फोडी मापत बसले होते आणि इकडे पोर वाळत होती. तिच्या झबल्याची बाही दंडावर लोंबत होती. ती मला आत्ता दिसली.

तिथूनच पाळणाघराच्या ताईंना फोन लावला. स्पीकरवर. "ताई, आधी तुम्ही खांबांचा ग्राफ पाठवायचात ना? रोजच्या घासांचा? तो बंद का केलात?"

"अगं, तुमच्याकडूनच निरोप आला होता ना!" ताई गोंधळल्या. "ठकूचे बाबा म्हणाले, खांब जरा बुटका दिसला की ही घाबरते, तुम्हाला फोन करून भंडावते. त्यापेक्षा गोल पाठवा, तो कसा नेहमी भरलेला दिसतो."

मी मान वळवली. ठकूचे बाबा दुपट्यांची पिशवी छातीशी धरून उभे होते. कंपनीत गिऱ्हाइकांसाठी हेच करतो हा. कुठला आकडा कुठल्या चित्रात शोभेल, ते ठरवतो.

"मला तू गिऱ्हाईक समजलास?"

"अगं, तुझी काळजी कमी व्हावी म्हणून..."

"झाली ना कमी! एवढी झाली की पोरगी खात नाही हेही कळलं नाही मला!"

फोनवर ताई कळवळल्या. "प्रत्येक घासाला आम्ही मोबाइलवर बोट टेकवतोच हो, पण एवढ्या पोरांत बेरीज कोण बघतो? मीही तो गोलच बघत होते. थांबा, खांब पाठवते."

खांब आले. पहिले उंच, मग खांद्याएवढे, मग कमरेएवढे, शेवटचे तर नुसते खुंट. जिना उतरावा तसा महिना उतरला होता. नवऱ्याने एकदा पाहिलं आणि तो खुर्चीत बसला. रागवायचं होतं मला, पण त्याचा चेहरा बघून मी नुसती त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"भांडण घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बॅटरी लावून ठकूच्या तोंडात डोकावल्या. "हे बघा. पार मागे, घशापाशी फोड आलेत. गिळताना दुखतंय बिचारीला. बोलता येत नाही, मग खाणं सोडलं. औषधाने भरून येतील, पण आणखी उशीर नको होता."

घरी पोचेपर्यंत मी ठकूला कडेवरून खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी औषध पोटात गेल्यावर मी मऊ भात कालवला. तो समोर येऊन बसला, हातात रेघांचा कागद आणि पेन्सिल. न सांगता. ठकूने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि गिळला. त्याने एक चौकोन रंगवला. मग दुसरा. तिसरा घास निम्मा हनुवटीवरून ओघळला.

"हा धरू का?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"अर्धा," मी म्हणाले.

त्याने चौकोनाच्या मधोमध रेघ मारली आणि खालचा अर्धाच रंगवला.